प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक

ग्रंथपाल बंधू-भगिनींनो,

१८२८ सालापासून नगर वाचनालयाची परंपरा असलेल्या रत्नागिरीत समाजमाध्यमं आणि ग्रंथालय सेवा या विषयावर आपण बोलणार आहोत, याचा मला फार आनंद आहे.

खाडीपलीकडच्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. एका पावसाळ्यात रस्ता खचला, एसटी बंद पडली, वाचनालयात कुणी फिरकेना. आमच्या ग्रंथपाल ताईंनी कपाटाच्या तळच्या फळीचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. दिसत होते ते नुसते पुस्तकांचे कणे. थोड्याच वेळात एका शेतकऱ्याचा निरोप आला, ‘डावीकडून चौथं, भातशेतीचं, माझ्यासाठी काढून ठेवा.’ ताईंनी ते उघडलं, तर आतल्या तारीखपत्रकावर एकही शिक्का नव्हता. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या १९३१ सालच्या पंचसूत्रीतलं तिसरं सूत्र मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

ते घडलं, कारण ताईंना आपली फळी ठाऊक होती. जयंती-पुण्यतिथीची चित्रं पुढे पाठवून वाचक जोडला जात नाही. दिवाळी अंक आला की त्याची अनुक्रमणिका गटावर जाऊ द्या. मुंबईतला चाकरमानी रात्री आपल्या गावाचा जुना संदर्भ विचारतो. सकाळी त्याला ग्रंथाच्या नावासह, पानाच्या क्रमांकासह उत्तर मिळू द्या. फेसबुकवरच्या हजार पसंत्यांपेक्षा मला ते एक उत्तर मोलाचं वाटतं.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. गटावर फिरणारी नव्या पुस्तकांची पीडीएफ ही चोरीच आहे, ती आपल्या हातून पुढे जाऊ नये. आणि थकबाकीदारांची नावं गटावर टाकू नका. आमच्याकडे एकदा ती टाकली गेली. एका आजोबांनी पुस्तक परत पाठवलं, स्वतः मात्र पुन्हा आले नाहीत.

हे सगळं काम तुटपुंज्या वेतनातला ग्रंथपाल स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर करतो. वाचनालयाचा फोन आणि त्याचा खर्च वाचनालयानं द्यावा, असा ठराव दुपारच्या सत्रात मांडायची परवानगी मी अध्यक्षांकडे मागतो.