वाडवडिलांचा शाप आणि ख्रिस्ती श्रद्धा

(पुरानी बस्ती, रायपूर येथील मराठी श्रोत्यांसमोरील व्याख्यान)



पुरानी बस्ती हा रायपूरचा सर्वांत जुना भाग. महामायेचे मंदिर आणि दूधाधारी मठ ही त्याची ओळख. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडशी मराठी कुटुंबांचा संबंध जडला, आणि त्यांच्यासमवेत कुळाचार, पितृपक्ष व क्वचित मूळपुरुषाला लागलेल्या शापाची कथाही येथे आली. पुढे १८६८ मध्ये ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने बिस्रामपूर येथे आपले केंद्र उभारले. तेथील आरंभीचे अनेक ख्रिस्ती सतनामी समाजातून आलेले होते. पूर्वजांचा धर्म सोडलेल्या माणसाला पूर्वजांचा शाप मात्र चिकटूनच राहतो काय, हा प्रश्न अशा प्रदेशात केवळ पुस्तकी राहत नाही.

शाप मानणारे बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा आधार घेतात. वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, असे तेथे म्हटले आहे खरे. परंतु ते देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यालाच लागून हजारो पिढ्यांवरील दयेचेही वचन आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलमध्ये बंदिवासात पडलेले यहुदी लोक आपल्या हालांचा दोष वाडवडिलांना देऊ लागले. तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याने त्यांना निक्षून सांगितले की, ज्याचे पाप त्यालाच त्याचा जाब द्यावा लागेल. मुलगा बापाचा अपराध वाहणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याविषयी शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ख्रिस्ताने मनुष्याचा शाप स्वतःवर घेतला, असे पौल गलतीकरांस लिहितो. मूळ पापाची शिकवण याहून निराळी आहे. ती अखिल मानवजातीविषयी आहे, एखाद्या विशिष्ट घराण्याविषयी नव्हे.

या संदर्भात नारायण वामन टिळकांचे चरित्र आठवते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे येथून जवळच, जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, १९०० मध्ये तोच मार्ग स्वीकारला. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या माहेरची हकीकत सांगितली आहे. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि वडिलांच्या मनात सोवळ्याचे विलक्षण वेड शिरले. त्याचा जाच सगळ्या घराने सोसला. लक्ष्मीबाईंच्या अंगीही सोवळे-ओवळे भिनलेले होते. बाप्तिस्म्यापूर्वीच ते हळूहळू गळत गेले. येथे एका पिढीचे दुःख दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले, यात शंका नाही. परंतु ते पोहोचले भीतीच्या आणि वागणुकीच्या वाटेने. म्हणूनच विचाराने व सहवासाने ते ओसरूही शकले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शापकल्पना ख्रिस्ती मंडळ्यांत नव्याने पसरली. केनेथ मॅकॉल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाच्या १९८२ मधील पुस्तकाने वंशावळी मांडून पूर्वजांसाठी प्रार्थना करण्याची पद्धत लोकप्रिय केली. पोलंडच्या बिशपांनी २०१५ मध्ये अशा उपासनांना मनाई केली, आणि स्पेनच्या बिशपांनी २०२४ मध्ये त्या कल्पनेस शास्त्राधार नसल्याचे स्पष्ट केले. पूर्वजांसाठी प्रार्थना करणे निराळे, आणि त्यांच्या पापाचे ओझे नातवाच्या माथी मारणे निराळे.

रक्तातून उतरणाऱ्या गोष्टीही आहेत. छत्तीसगड आणि विदर्भ येथे सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे निदान रक्ततपासणीने होते. अंग ठणकत असलेल्या मुलाला शापमुक्तीच्या प्रार्थनेसाठी गावोगाव फिरविले, तर उपचाराचा काळ हातचा जातो. शिवाय शाप म्हटला की तो आणणारी व्यक्ती शोधली जाते, आणि बहुधा एखादी विधवा किंवा नवी सून त्याला बळी पडते. छत्तीसगडला २००५ मध्ये टोनहीच्या नावाने होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा करावा लागला. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला.

वाडवडिलांपासून माणसाला भाषा, जमीन, कर्ज, व्यसन, भय आणि रोग यांचा वारसा मिळू शकतो. त्यांतील प्रत्येकाचा उपाय निरनिराळा असतो. पण दोषाचा वारसा मात्र मिळत नाही. ख्रिस्ती शास्त्राची साक्ष याच बाजूची आहे. आजारी मुलासाठी प्रार्थना अवश्य व्हावी. मात्र ती दवाखान्याच्या वाटेवर व्हावी, आणि तिच्यात मृत आजोबांवर ठेवलेला आरोप नसावा.