गाळ्याच्या कोपऱ्यातील सायकल दुरुस्ती



सायकल दुरुस्तीला स्वतंत्र गाळाच हवा असे नाही. हार्डवेअरवाल्याच्या गाळ्यातील कोपराही पुरतो. शिंप्याकडे मात्र बसू नये. कापडाला ग्रीस लागले की मैत्री संपली! पंप, पाने, पंक्चरचे सामान, पाण्याचे घमेले एवढ्यावर आरंभ होतो. हात तेवढा आधी उस्तादाकडे बसवावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसलेला मुलगा गिऱ्हाइकाचे नुकसान करतो. हिणवणाऱ्या नातलगांना सांगा, विमान उडविणाऱ्या राइट बंधूंनी १८९२ साली सायकलचेच दुकान काढले होते.

पालकांनी एक पाहावे. गाळेवाला स्वतःच भाडेकरू असेल तर मूळ मालकाची लेखी संमती घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अन्वये संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करविण्याचे कारण ठरते. मग आपला मुलगा तर उठतोच, आसरा देणाऱ्याचेही दुकान जाते.