फुटक्या तुकड्यांची मूर्ति



महोत्सवाप्रीत्यर्थ चर्चच्या आवारांत पवित्र मरियेची मूर्ति उभारावी व ती फुटक्या कपबशा, फरश्या आणि बांगड्यांच्या तुकड्यांनीं मढवावी, ही सूचना निघतांच आपल्या कोडोलींत दोन पक्ष झाले. उकिरड्यावरची वस्तु देवमातेस कशी वाहावी, असा कित्येक वडीलधाऱ्यांचा प्रश्न आहे. तो पोकळ नाहीं. आंधळें व लंगडें जनावर वेदीवर आणणाऱ्यांस मलाखी संदेष्ट्यानें झाडलें होतें, हें आम्हांसहि स्मरतें. परंतु कळपांत धडधाकट नर असतांना त्यांनीं तो राखून ठेविला, हा त्यांचा अपराध. उलट पांच हजारांचें भोजन आटोपल्यावर आपल्या प्रभूनें उरलेले तुकडे वेंचावयास लाविले, आणि बारा टोपल्या भरल्या.

फ्रान्स देशांतील शार्त्र नगर मरियेच्या महामंदिरामुळें प्रसिद्ध आहे. तेथें रेमों इझिदोर नांवाचा एक साधा मनुष्य राही. पुढें तो दफनभूमीचा झाडूवाला झाला. १९३८ सालीं फिरावयास गेला असतां त्याला कांचेचे व चिनी मातीचे चमकते तुकडे दिसले, ते त्यानें वेंचून आणिले. त्यानंतर वर्षानुवर्षें तसल्या तुकड्यांनीं त्यानें आपलें घर आंतून-बाहेरून मढविलें. अंगण, प्रार्थनागृह, फार काय, बायकोचें शिवणयंत्रहि सोडलें नाहीं. (त्या माउलीनें तें कसें सोसलें असेल, याची कल्पना आमच्या भगिनींनींच करावी.) लोकांनीं हंसून त्याला टोपणनांव ठेविलें. १९६४ सालीं तो वारला. १९८१ सालीं नगरपालिकेनें तेंच घर विकत घेतलें. त्याच्या भिंतींवर शार्त्रचें महामंदिरहि तुकड्यांनीं चितारलेलें आहे.

आपल्या देशांत चंडीगडचे नेकचंद सरकारी बांधकाम खात्यांत रस्त्यांवर देखरेख करीत. १९४७ च्या फाळणींत त्यांचें गांव पलीकडे राहिलें. नव्या शहरासाठीं जीं खेडीं पाडलीं गेलीं, त्यांच्या ढिगाऱ्यांतून ते सामान गोळा करीत आणि बांधकामास मनाई असलेल्या रानांत गुपचूप मूर्ति घडवीत. कित्येक मूर्तींचीं वस्त्रें निव्वळ फुटक्या बांगड्यांचीं आहेत. गुपित फुटलें तेव्हां सर्व पाडलें जाण्याची भीति होती. परंतु १९७६ सालीं तें उद्यान लोकांस खुलें झालें.

आतां कृतीविषयीं. प्रथम लोखंडी सळयांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा. तो ओला असतांनाच तुकडे बसवावयाचे, म्हणून एका वेळीं हातभर जागाच घ्यावी. कौलाचा तुकडा आधीं पाण्यांत भिजवावा. नाहीं तर तो गिलाव्यांतलें पाणी शोषून घेतो आणि पुढें सुटून पडतो. मागाहून सांधे भरावे, धार दगडानें घासावी, व आठवडाभर ओलें पोतें घालावें. मुलांचीं बोटें फार कापतात, तेव्हां फोडण्याचें काम थोरांनींच करावें.

करूं लागल्यावर एक गोष्ट ध्यानांत येते. अखंड फरशी गालाच्या वळणावर बसतच नाहीं. बार्सिलोनाचे वास्तुकार आंतोनी गाउदी, ज्यांस २०२५ च्या एप्रिलांत पोप फ्रान्सिस यांनीं 'वंदनीय' ठरविलें, तेहि वळणदार पृष्ठभागासाठीं फुटक्या फरशीचे तुकडेच घेत.

गेल्या रविवारीं मिस्सेनंतर एका भगिनीनें आम्हांस बाजूस बोलावून विचारलें, "धन्याला माती दिली त्या दिवशीं फुटलेल्या बांगड्या मीं डब्यांत ठेविल्या आहेत, त्या चालतील का?" आम्हांपैकीं कोणासच लगेच बोलतां येईना. जे आजवर विरोध करीत होते, त्यांतील एक आजोबा जवळच उभे होते, तेच म्हणाले, "आण, बाई."

त्या बांगड्या मूर्तीच्या पदराच्या कांठास लावाव्या कीं हृदयाशीं, हें त्या भगिनीनेंच सांगावें, असें आम्हीं ठरविलें आहे. बाकीच्यांनीं आपापले तुकडे धुऊन, रंगवार निवडून, शनिवारपर्यंत आणून द्यावे.