स्वागताध्यक्षांचे भाषण



जलंबला गाडी बदलून, आमच्या आठ मैलांच्या फाट्यावरून आपण खामगावी येऊन पोचलात, याबद्दल समस्त नगरवासीयांच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. हा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, तो मुख्यत्वे आमच्या कापसासाठी. आणि ऐन हंगामात, पहाटेच्या गारठ्यात, जू जमिनीला टेकवून उभ्या असलेल्या बैलगाड्यांमधून हिंडत, अडत्या चिमटीत चिमूटभर कापूस धरून त्याचा धागा ताणून पाहतो, ते दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने वऱ्हाड पाहिला नाही, असे मी निःसंकोच म्हणेन.

राज्यघटनेच्या अभ्यासकांपुढे हे कापूसपुराण कशाला, असे कोणी विचारील. परंतु १९४६ च्या जुलै महिन्यात देशाची घटना समिती प्रथम निवडली गेली, तेव्हा दहा लाख वस्तीमागे एक या प्रमाणात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला आलेल्या १७ जागा नागपूरच्या विधानसभेतील सभासदांनी मते देऊन भरल्या. आणि त्या सभासदांना निवडणारे मतदारही सारा, मिळकत किंवा शिक्षण यांच्या अटींनी मोजकेच ठरलेले असल्यामुळे, आमच्या बाजारातल्या बहुतेक गाडीवानांचा त्या निवडीत हात नव्हता. वऱ्हाडच्या सभासदांपैकी डॉ. पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी यांची नावे सर्वतोमुखी आहेत. मात्र त्याच समितीत बसलेल्या लक्ष्मण श्रवण भटकर यांचे नाव आमच्या जिल्ह्यातही क्वचितच निघते, याचे मला मनस्वी दुःख होते. हेच भटकर पुढे पहिल्या लोकसभेवर बुलढाणा-अकोला मतदारसंघातील राखीव जागेवरून निवडून गेले, आणि त्या वेळी गाडीवानालाही मत होते.

व्यवस्थेत उणिवा पुष्कळ राहिल्या आहेत. पाण्याची टंचाई आहे, निवासाच्या खोल्या अपुऱ्या आहेत, गाद्या तर काल संध्याकाळपर्यंत घरोघर फिरून जमवाव्या लागल्या. त्याबद्दल मी करबद्ध क्षमा मागतो. सराफ्यातील चांदीचे व्यापारी, जिनवाले, अडते, आणि नाव न सांगता धान्याची पोती मांडवात टाकून गेलेले शेतकरी, या सर्वांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. रात्रंदिवस राबणाऱ्या स्वयंसेवकांचे तर मुळीच नाही.

आपल्यापैकी कोणाच्या संग्रही भटकरांचे एखादे पत्र, छायाचित्र वा हस्ताक्षर असल्यास त्याची नक्कल येथील वाचनालयाकडे अगत्याने पाठवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.