धमनी कोरली, पुढे काय?

(सातपूर येथील वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



आम्ही मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळामास्तरकी केली. वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, दोन वर्षांपूर्वी आमच्या हृदयाची एक धमनी यंत्राने कोरण्यात आली. तेव्हापासून घरी येणारे विचारतात, “मास्तर, ते ड्रिल फार उत्तम म्हणे, आमच्या वडिलांनाही तेच करावे काय?” त्याचे उत्तर आज यथामति देतो.

हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचतो. वयपरत्वे त्यात चुना धरतो आणि तो दगडासारखा होतो. १९७७ साली झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी अशी अरुंद धमनी प्रथमच फुग्याने रुंद केली. परंतु कठीण चुन्यापुढे फुगा हतबल होतो. म्हणून थर खरवडणारी यंत्रे निघाली. त्यांतील एकाच्या टोकाशी हिऱ्याच्या कणांनी मढविलेला इवलासा मणी मिनिटास सुमारे दीड लाख फेरे घेतो. सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांस ठाऊक आहे की, कानशीने नख झिजते, पण मऊ कातडी मागे सरते. मणीही कठीण चुना झिजवितो. लवचीक भिंत बहुधा बचावते. चुरा बहुतांशी तांबड्या रक्तपेशींहून बारीक असल्याने रक्ताबरोबर वाहून जातो.

आता फळ पाहू. १९९३ साली थर कापून काढणाऱ्या यंत्राची फुग्याशी तुलना १,०१२ रुग्णांत प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी धमनी पुन्हा अरुंद झाल्याचे प्रमाण यंत्राने ५० टक्के, फुग्याने ५७ टक्के. पण आरंभीचे अपाय मात्र यंत्राने ११ टक्के, फुग्याने ५ टक्के. २०१३ साली चुना धरलेल्या धमन्यांच्या २४० रुग्णांत मण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टेंट नीट बसविण्याचे यश मण्यामुळे ९२.५ टक्के, एरवी ८३.३ टक्के. मात्र नऊ महिन्यांनी धमनी मोकळी राहण्यात मणी सरस ठरला नाही. पुढे फिरत्या मुकुटाच्या यंत्राची परीक्षा अमेरिकेत २,००५ रुग्णांवर झाली. तिचा निष्कर्ष २०२४ साली कळला: वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीचा झटका किंवा पुन्हा उपचार यांचे एकत्रित प्रमाण यंत्राने ११.५, फुग्याने १० टक्के. म्हणजे सरसकट लाभ नाही.

तात्पर्य, यंत्र वाट मोकळी करते, रोग काढीत नाही. जेथे फुगा जात नाही वा फुगत नाही, तेथे ते मोलाचे. अन्यत्र धमनीस भोक पडण्याचा धोका व खर्च व्यर्थ पत्करावा लागतो. तेव्हा “ड्रिलच करा” असा हट्ट धरून घरातील पाटल्या गहाण टाकू नका. “चुना किती आहे? फुग्याने भागेल काय?” एवढे डॉक्टरांस विचारा.

शेवटी आमचा प्रमाद सांगतो. धमनी स्वच्छ झाली, आता औषध कशाला, असे मानून आम्ही सातव्या महिन्यात कोणासही न विचारता गोळ्या सोडल्या. सौभाग्यवतींना कपाटात भरलेली पाकिटे सापडली, म्हणून अनर्थ टळला. स्टेंटमध्ये गुठळी झाली असती, तर हे व्याख्यान झाले नसते. पाटी पुसली म्हणजे धडा पाठ झाला, असे आम्ही एकाही विद्यार्थ्यास कधी शिकविले नव्हते; स्वतः मात्र तसेच वागलो.

तंबाखू सोडावी, रक्तदाब व साखर तपासावी, गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर घ्याव्या. मणी आपले काम काही मिनिटांत करतो. आपले काम जन्मभराचे आहे.