चिमणीची उंची



अध्यक्षाने पहिली दहा मिनिटे आभारात घालवावीत असा आपल्याकडे संकेत आहे. तो मी एका वाक्यात पाळतो: हा मान दिलात, मी आपला ऋणी आहे. उरलेल्या वेळात मला एका सूत्राबद्दल बोलायचे आहे.

वीज केंद्राची चिमणी किती उंच असावी, याचा एक सरकारी हिशेब आहे. तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडणार तो आकडा घ्यायचा, त्याचा ०.३ वा घात काढायचा आणि १४ ने गुणायचे. उत्तर मीटरमध्ये येते. ५०० मेगावॉट आणि त्यापुढच्या संचांना तर सरळ २७५ मीटर. आकडेमोडीची हौस असलेल्यांनी करून पाहावे: वायू दुप्पट झाला तरी उंची चौथ्या हिश्शानेही वाढवावी लागत नाही. वायू कमी करा, असे हे सूत्र कुठेच सांगत नाही. तो लांब जाऊन पडू द्या, एवढेच सांगते.

ही युक्ती जुनी आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाचा धूर साचून राहिला. त्या वेळचा अंदाज ४,००० बळींचा होता. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. १९५६ चा कायदा आला, घरोघरच्या शेगड्या बदलल्या, वीज केंद्रांच्या चिमण्या उंच झाल्या आणि लंडनचे आकाश निवळले. पुढे १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की आपल्या देशातल्या पावसातले आम्ल परदेशच्या धुराड्यांतून येते आहे. वास्तविक धूर धुऊन काढायची विद्या लंडनला परकी नव्हती. बॅटरसीच्या वीज केंद्रात १९३० च्या दशकातच टेम्सच्या पाण्याने धूर धुतला जात होता!

आपल्यालाही ती परकी नाही. तुर्भ्याला टाटांच्या ५०० मेगावॉटच्या संचावर ऐंशीच्या दशकातच समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा बसली. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी. ते हा वायू शोषून घेते, मग त्यात हवा फुंकली की त्याचे सल्फेट होते, आणि सल्फेट समुद्रात आधीपासून भरपूर असतेच. समुद्र नसेल तिथे चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून वापरतात. त्यातून जिप्सम मिळते, ते सिमेंटवाले उचलतात.

डहाणूची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि तरीही चिकूच्या वाड्यांच्या शेजारी ५०० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसवायला सांगितले. ती चालू झाली २००७ मध्ये. मधली आठ वर्षे तंत्रज्ञान शोधण्यात गेली नाहीत. ती तारखा, मुदती आणि हरकतींत गेली. बागायतदार आणि कार्यकर्ते चिकाटीने सुनावण्यांना जात राहिले, म्हणूनच ती आठावर थांबली.

देशभराचे काय? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. अखेर जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना त्या मर्यादेतूनच मोकळे केले गेले. अट एकच: चिमणीची उंची नियमाप्रमाणे हवी. म्हणजे आपण फिरून त्याच सूत्रापाशी आलो.

सूट देणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. आपल्या कोळशात राख फार, पण गंधक अर्धा टक्का किंवा त्याच्या आसपास. यंत्रणेचा खर्च मेगावॉटला कोटीच्या वर जातो. चुनखडी खणावी लागते, वीज खर्ची पडते. शिवाय हवेतला हा वायू मोजला तर तो बहुतेक ठिकाणी घनमीटरला ८० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत भरतो. माझा आक्षेप या शेवटच्या मुद्द्याला आहे. हा वायू वायू म्हणून राहतच नाही. काही तासांत, काही दिवसांत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, शेकडो किलोमीटर जातात आणि पीएम २.५ च्या खात्यात जमा होतात. चोर शेजारच्या गावात पकडला गेला आणि आपल्या चौकीची नोंदवही कोरी राहिली, असा हा प्रकार.

नव्या नियमात दहा लाख वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरांच्या आतले केंद्र असेल तर यंत्रणा सक्तीची. नागपूर त्यात बसते, म्हणून वेशीवरच्या कोराडीला वेगळा न्याय. चंद्रपूर दहा लाखांच्या आतले. तिथल्या २,९२० मेगावॉटबाबत ‘प्रकरणपरत्वे’ विचार होणार. धुराने जनगणना वाचल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

सगळ्याच संचांवर खर्च करा असे मी म्हणणार नाही. जे म्हातारे झाले ते बंद करावेत. जे अजून वीस-पंचवीस वर्षे चालणार आहेत, त्यांना मात्र शहराचे अंतर न पाहता यंत्रणा बसवावी. जमते, हे इंधनात दिसलेच आहे: एप्रिल २०२० पासून आपल्या डिझेलमधला गंधक दहा लाख भागांत दहावर आला आणि त्याच वर्षी जगभरच्या जहाजांच्या इंधनात तो साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणला गेला.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव येतील. त्यांत एक अध्यक्षांच्या वतीने घ्यावा: राज्यातल्या प्रत्येक वीज केंद्राच्या प्रत्येक संचाच्या चिमणीतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा रोजचा आकडा, मराठीत, आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावा. मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. दुरुस्त्या आज रात्रीपर्यंत सुचवाव्यात.