यंत्र, मुख्याध्यापक आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भंडारा येथे झालेले भाषण)



मंडळाच्या शिक्षणनिधीचा विनियोग यंदा कसा करावा, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. समाजातील प्रत्येक विद्यार्थ्यास एकेक टॅबलेट द्यावा, अशी सूचना मंडळापुढे आलेली आहे. ती करणाऱ्या तरुण मंडळींची तळमळ आम्ही जाणतो. तथापि याच जिल्ह्यात मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर आम्ही पुष्कळ वर्षे काढली आहेत. त्या खुर्चीवरून जे दिसले ते सांगितल्यावाचून या सूचनेस होकार देणे आम्हांस उचित वाटत नाही.

प्रारंभी आमचाच दोष सांगतो. आमच्या शाळेस शासनाकडून संगणक मिळाले, त्या दिवशी आम्ही त्यांस हार घातला, नारळ फोडला, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद करून खोलीला कुलूप लावले. चोरी झाली तर भरपाई कोणी करावयाची, बिघाड झाला तर तपासणीच्या वेळी उत्तर कोणी द्यावयाचे, ही भीती आमच्या मनात होती. किल्ली आमच्या खिशात राहिली. दोन वर्षांनी पाचवीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, त्या खोलीत काय आहे?” त्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. यंत्र शाळेत होते, वीजही बहुधा होती. नव्हते ते मुख्याध्यापकाच्या अंगी हवे असलेले धैर्य. यंत्र सुरक्षित राहिले आणि मुले कोरडी राहिली.

आपण कोष्टी. ही गोष्ट आपल्याला निराळी समजावून सांगावी लागू नये. मोहाडी आणि आंधळगावच्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हाताने फेकावयाचा धोटा सोडून दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा घेतला, तेव्हा कापड लवकर निघू लागले हे खरे. परंतु ताणा सैल असेल तर नव्या धोट्याने वाईट कापडच अधिक वेगाने निघते, हेही त्यांना ठाऊक होते. शाळेचा ताणा मुख्याध्यापक लावतो. कोणते मूल कोठे अडले आहे हे पाहणे, शिक्षकांस एकत्र बसविणे, वेळापत्रक आखणे आणि ते पाळले जाते की नाही हे रोज पाहणे, हे त्याचे काम आहे. ते झाले नाही तर कोणतेही यंत्र निरुपयोगी होय.

हे केवळ आमचे मत नव्हे. शेजारच्या गुजरातेत बडोदे नगरपालिकेच्या शाळांना 2000 साली शासनाने चार-चार संगणक दिले होते. त्यांतील फार थोडे वापरात होते. पुढे ‘प्रथम’ या संस्थेने स्थानिक तरुणांस प्रशिक्षण देऊन चौथीच्या मुलांना तेच संगणक आठवड्यातून दोन तास, दोघांस एक याप्रमाणे, गणिताच्या खेळांसाठी वापरावयास दिले. मुलांचे गणित स्पष्टपणे सुधारले. यंत्रे तीच होती. माणूस आणि वेळापत्रक तेवढे नवे होते. त्याच गुजरातेतील ज्ञानशाळेच्या वर्गांत आणखी एक गोष्ट आढळली. शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक आला तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून आला तेव्हा मुलांना, विशेषतः कच्च्या मुलांना, लाभ झाला. दूरच्या पेरू देशाने तर लक्षावधी मुलांना लॅपटॉप वाटले. परंतु 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भाषा व गणित यांत काही प्रगती दिसून आली नाही. टॅबलेट-वाटपाची सूचना विचारात घेताना पेरूचा हा अनुभव दृष्टीआड करू नये.

उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. श्री. रणजितसिंह डिसले हे 2009 साली तेथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून गेले, तेव्हा शाळेची इमारत पडकी होती आणि तिच्या एका बाजूस गुरांचा गोठा होता. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना पुस्तकांची भाषा परकी होती. त्यांनी प्रथम ती भाषा आत्मसात केली, पालकांचे मन वळविले, धडे मुलांच्या भाषेत आणले. आणि मग पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून कविता, चित्रफिती व स्वाध्याय त्यांस जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. 2020 सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलर्सची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. यातील क्रम आपण ध्यानी घ्यावा: आधी मूल, मग घर, मग भाषा, आणि शेवटी यंत्र. आपल्या जिल्ह्यातही लाखनी तालुक्यातील खराशीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव डिजिटल शाळा म्हणून जिल्ह्याबाहेर गेलेले आहे. परितेवाडी ज्यांस दूर वाटते त्यांनी खराशीस जाऊन यावे.

येथे एक अडचण सांगणे प्राप्त आहे. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक असावा, असे मान ठरलेले आहे. आपल्या खेड्यांतील बहुतेक शाळा याहून लहान. तेथे वर्गावर शिकविणाऱ्या शिक्षकाकडेच मुख्याध्यापकाचा प्रभार असतो. तो शिकवितो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, माहितीचे तक्ते भरतो. त्याच्या हाती आणखी एक यंत्र ठेवून आपण निघून आलो, तर तो आमच्यासारखाच त्यास कुलूप लावील. त्याला बोल लावण्याचा अधिकार मग आपणांस राहणार नाही.

आणि आपण तरी काय केले? आमच्या घरची नातवंडेही इंग्रजी शाळेच्या बसने जातात, हे आम्ही येथे उघडपणे कबूल करतो. आपण एकेक मूल काढून घेतले, पट उतरला, आणि पटाबरोबर मुख्याध्यापकाचे पदही गेले. मागे राहिली ती मजुरीवर जाणाऱ्या आपल्याच ज्ञातिबंधूंची मुले. 2020 साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा घरातील एकच फोन बापाबरोबर कामावर जात असे. ज्या मुलास शिक्षकाची अधिक गरज, तेच अधिक तुटले. ‘असर’च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले 2018 साली शेकडा सुमारे 27 होती, 2022 साली ती सुमारे 20 झाली. शाळा पुन्हा भरू लागल्यावर 2024 साली हा आकडा परत 27 च्या आसपास आला. मुलांना सावरणारी ही शाळाच आपण जपावयास हवी.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. टॅबलेट घरोघर वाटू नयेत. तोच निधी प्रारंभी दोन किंवा तीन गावच्या शाळांना द्यावा, आणि जेथील प्रभारी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती मिळून पुढील गोष्टी मान्य करतील, त्याच शाळांना द्यावा. यंत्र येण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे वाचन व गणित तपासून त्याची नोंद करावी. यंत्राचा तास वेळापत्रकात असावा, शिक्षकाच्या तासास तो जोड असावा, आणि सर्वांत कच्च्या मुलांस प्रथम संधी मिळावी. दुरुस्तीची रक्कम मंडळाने आधीच बाजूस काढून ठेवावी आणि बिघाडाची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी, म्हणजे गुरुजींस कुलपाची गरज भासणार नाही. वर्षअखेर पुन्हा तपासणी करून तिचा निकाल, बरा असो वा वाईट, याच स्मरणिकेत छापावा. आपल्या समाजातील शिकलेल्या तरुणतरुणींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या शाळेत जाऊन बसावे. बडोद्यास जे घडले ते अशाच तरुणांमुळे घडले.

भगिनींना एक खास विनंती. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. कित्येक ठिकाणी आपली नावे कागदावर असतात आणि सह्या घरी आणून घेतल्या जातात. तसे होऊ देऊ नका. सभेस जा, आणि एकच प्रश्न विचारा: माझे मूल गेल्या महिन्यात न येणारे असे काय शिकले? हा प्रश्न दर महिन्यास विचारला गेला, तर मुख्याध्यापकास बळ येईल आणि आळशी असेल तर जागही येईल.

त्या पाचवीतील मुलीस आम्ही तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी खोली उघडली, हे खरे. परंतु वाया गेलेली दोन वर्षे तिला परत देता आली नाहीत. मंडळाच्या पैशाने घेतलेल्या यंत्रांपुढे उभे राहून पुन्हा एखाद्या मुलीवर तो प्रश्न विचारण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा विस्तार केला.